न घातलेली आंघोळ

प्लेगची पहिली लाट ओसरल्यावर हसाजी वाक्रुळकर बडोद्याच्या सरकारी नोकरीत हॉस्पिटल असिस्टंट म्हणून लागले. मुंबईला शिकलेले, तिशीतले, उंच आणि कमी बोलणारे. मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या वाक्रुळचे. गावात त्यांच्या घराला शनिवारतेली म्हणत, कारण आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे. ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, म्हणवत. बडोद्यात त्यांच्या समाजाची जेमतेम सात घरं होती, बहुतेक फतेगंजात. कुणी पलटणीत होतं, कुणी रेल्वेत. थोरले भाऊ बुन्याजी मालधक्क्यावर कारकून होते. आई मिल्काबाई हसाजींकडे राहायची.

समाजात बाई वारली की बोलावणं मिल्काबाईंना यायचं. प्रेताला कोमट पाण्याने आंघोळ घालायची, शेवटी सात तांबे स्वच्छ पाणी ओतायचं, पांढरे कोरे कपडे चढवायचे, आणि मगच कबरस्तानात न्यायचं. हे काम त्यांनी सुनेला, हसाजींच्या बायकोला सिपोराला, शिकवलं होतं. "मूल जन्मलं की धुऊन आईच्या हातात देतो ना," त्या सांगत, "तसंच माणूस धुऊन देवाच्या हातात द्यायचं." स्वतःचे पांढरे कपडे त्यांनी स्वतःच शिवून पेटीत ठेवले होते.

१९०३ च्या हिवाळ्यात शहरातल्या वाडी भागात उंदीर मरू लागले. पोळांमधली, अरुंद गल्ल्यांमधली, घरं रिकामी केली, कौलं उतरवली, भिंतींना चुना फासला. आजाऱ्यांसाठी मकरपुऱ्याच्या वाटेवर झोपड्यांची छावणी उभी राहिली. तिथले मुख्य डॉक्टर भास्करराव आणि त्यांच्या हाताखाली हसाजी. छावणीत एक नियम होता: प्लेगने गेलेल्याला आंघोळ घालायची नाही. कार्बॉलिकच्या जंतुनाशक पाण्यात भिजवलेल्या चादरीत गुंडाळायचं. जाळायचं असेल तर तसंच जाळायचं आणि पुरायचं असेल तर चुन्यात पुरायचं. डॉक्टर नियम सांगून मोकळे होत. तो घरच्यांच्या तोंडावर सांगायचं काम हसाजींकडे होतं.

त्यांनी तो कुणासाठीच शिथिल केला नाही. पठाणासाठी नाही, वाण्यासाठी नाही. सुभानराव नावाचा एक मराठा होता, सरकारी पागेतला जुना घोडेस्वार. त्याची तरुण बायको छावणीत वारली. सवाशीण गेली म्हणून तो तिच्यासाठी हिरवं लुगडं आणि हळदकुंकू घेऊन आला. आंघोळ घालू द्या, एवढंच तो मागत होता. हसाजींनी नाही म्हटलं. सुभानराव झोपडीत घुसू लागला तेव्हा शिपायांनी त्याला धरलं, आणि हसाजींच्या देखत चादर बांधली गेली. लुगडं वरून ठेवून चिता पेटवली. नंतर तो घरी गेलाच नाही. पागेतून नाव काढून त्याने छावणीच्या फाटकावर पहारेकऱ्याचं काम धरलं. रोज सकाळी हसाजींना फाटक तोच उघडून द्यायचा.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मिल्काबाईंना थंडी भरून आली. तिन्हीसांजेला शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लावून त्या आडव्या झाल्या. हसाजींनी काखेत चाचपून पाहिलं. गाठ होती.

बुन्याजी धावत आले. नोंद करू नकोस, त्यांचं म्हणणं होतं. दोन दिवसांचा प्रश्न आहे, घरात राहू दे, घरातच जाऊ दे, नंतर आपण आपल्या रीतीने करू. सिपोरालाही तेच हवं होतं. हसाजींनी नोंद केली आणि शनिवारी सकाळी आईला दमणीत घालून छावणीत नेलं. शब्बाथच्या दिवशी गाडी जुंपली, हेही बुन्याजी विसरले नाहीत.

मिल्काबाईंना मधूनमधून शुद्ध यायची. आपण कुठे आहोत हे त्यांना कळलं होतं, आणि या छावणीचा नियमही ठाऊक होता, कारण मुलगा तो घरी सांगत असे. रविवारी सकाळी त्यांनी हसाजींचं मनगट धरलं.

"हसा, मला पाणी घालशील ना?"

हसाजींनी पेल्यातलं पाणी त्यांच्या ओठांना लावलं. त्यांनी तोंड फिरवलं. त्या काय मागत होत्या ते हसाजींना समजलं होतं. दुपारी बाराच्या सुमारास त्या गेल्या.

बुन्याजी नऊ माणसं घेऊन आले. सिपोरा आणि आणखी दोघी तांबे, घागर आणि पेटीतले कपडे घेऊन आल्या. हसाजी झोपडीच्या दाराशी उभे राहिले.

"दादा, आंघोळ घालता येणार नाही."

"ती कोण आहे ते माहीत आहे ना तुला?"

हसाजी दारातून हलले नाहीत. भास्करराव बाहेर आले. त्यांनी हसाजींना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की आपण तासभर शहरात जातो आहोत, तेवढ्यात काय होईल ते आपल्याला कळणार नाही. मग ते खरंच टांग्यात बसून निघून गेले.

फाटकावरून सुभानराव जवळ आला होता. "घालू द्या आंघोळ, साहेब," तो म्हणाला. "मी कुणाला सांगायचा नाही."

हसाजी त्याच्याकडे वळले. "आणि तुमच्या बायकोला का नाही घालू दिली, असं उद्या तुम्ही विचारलंत तर?"

"मी नाही विचारणार."

"मला उत्तर द्यावं लागेल, सुभानराव."

त्यांनी चादर मागवली. बुन्याजींनी पांढरे कपडे सिपोराच्या हातातून घेतले, भावाच्या पायाशी टाकले आणि आपली माणसं घेऊन निघाले. दहा पुरुषांशिवाय मृतासाठीची कद्दिशची प्रार्थना होत नाही. समाजातला पुरुष म्हणून हसाजी एकटेच उरले. आईला चुन्यात उतरवून त्यांनी 'शेमा इस्राएल' म्हटलं, एकट्याला म्हणता येतं तेवढंच. फावडं सुभानरावने मारलं.

त्यानंतर बाकीच्या सहा घरांनी हसाजींच्या घराशी संबंध तोडला. मालिद्याचं, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांच्या विधीचं, आमंत्रण येईना. किप्पूरच्या, प्रायश्चित्ताच्या, उपासाला सगळे एका घरी जमत, तिथे ते गेले की त्यांच्या शेजारची जागा रिकामी राही. सिपोराला तर पुन्हा कधी कुणाच्या आंघोळीला बोलावलं नाही; त्यासाठी अहमदाबादेहून बाई आणवत. दोन वर्षांनी बुन्याजींची बदली सुरतेला झाली. निरोपही न घेता ते गेले.

हसाजी एकच गोष्ट मनाशी धरून होते. नियम खरा होता. त्याने माणसं वाचली असतील. किती ते मोजता येत नाही, पण वाचली असतील.

१९०९ मध्ये नव्या सूचनांचं एक पत्रक दवाखान्यात आलं. भास्कररावांनी ते वाचून हसाजींपुढे सरकवलं. गाठीचा प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे आता नक्की झालं होतं. हसाजींनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, प्रेताला आंघोळ घातल्याने काय झालं असतं?

"फारसं काही नाही," भास्करराव म्हणाले. "हात नीट धुतले असते की झालं. आपल्याला कुठे ठाऊक होतं?"

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सिपोराला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"दादालाही नव्हतं. पण त्याचंच बरोबर निघालं."

त्यांनी बुन्याजींना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मग एका रविवारी ते सुभानरावला शोधत वाडीत गेले. तो आता एका देवळाच्या ओट्यावर घोड्यांचे लगाम शिवत बसायचा. हसाजींनी त्याच्यासमोर बसून पत्रकात काय होतं ते साध्या शब्दांत सांगितलं. सुभानरावने सुई कातड्यात खोचली.

"म्हणजे घातली असती तर चाललं असतं?"

"हो."

"हे मला आत्ता का सांगितलंत, साहेब? सहा वर्षं मी म्हणत होतो, तिच्यापायी दुसऱ्या कुणाला लागण झाली नाही. तेवढंच होतं माझ्याकडे."

सुभानराव उठून आत गेला. हसाजी पायीच फतेगंजला परतले.

नोकरीत त्यांची बढती झाली नाही. प्रत्येक नव्या हुकुमावर ते 'कारण काय?' असं लिहून कागद परत पाठवू लागले, आणि वरिष्ठांना ते आवडलं नाही. १९१७ मध्ये निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी तापाची मोठी साथ आली. फतेगंजात घरटी एक माणूस जात होतं. शेजारच्या इंदिराबाईंची लेक गेली, तेव्हा त्यांनी दारात येऊन विचारलं, तिला न्हाऊ घातलं तर घरातल्या बाकीच्यांना धोका आहे का?

हसाजी स्वतः तापाने फणफणत भिंतीला टेकून बसले होते.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तोंडाला फडकं बांधा आणि घाला."

इंदिराबाई घरी परतल्या. पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला तेव्हा सिपोराने खिडकी लावायला हात पुढे केला. त्यांनी तिला खिडकी उघडीच ठेवायला सांगितलं. चौथ्या दिवशी हसाजी गेले.