खुशीच्या तक्त्यातले हिरवे चौकोन

नंदामावशीचा फोन आला आणि मी तिच्याशी भांडलेच. भिलाईच्या एका छोट्या प्राथमिक शाळेत ती शिकवते आणि तिला नागपूरहून पाच कीबोर्ड हवे होते. मी कॉम्प्युटरवरच पोट भरते, म्हणून हक्कानं म्हटलं, चौथीच्या पोरांना झाडं दाखव, स्क्रीन कशाला? मावशी म्हणाली, "इथं येऊन सांग मले." लेकीला, इराला, तिच्या बाबांच्या हवाली केलं आणि निघाले.

नागपूरहून कारनं सकाळी सहाला निघालात तर दुपारच्या जेवणाला भिलाई गाठता येते. साकोलीपुढचं जंगल डोळे भरून बघा, देवरीला चहा घ्या. टोल आणि पेट्रोल धरता रेल्वे कितीतरी स्वस्त पडते. कीबोर्डांची खोकी नसती तर मीही दुर्गची गाडीच पकडली असती.

भिलाईतल्या कोहक्यात, तिच्या घरी, मावशीनं तांदळाचा चीला, म्हणजे धिरडं, आणि टोमॅटोची चटणी वाढली. चौथा चीला पानात पडल्यावर तिनं खरं काय ते सांगितलं. तिनं उभ्या केलेल्या कॉम्प्युटरच्या खोलीचं स्टोअर करायचं घाटत होतं. उद्या पालकांची सभा, तिथे पोरांचं काम कॉम्प्युटरवर दाखवायचं आणि तिथेच निकाल. सगळ्यात मोठा विरोध तिच्या चौथीतल्या खुशीच्या वडिलांचा, म्हणजे स्टील प्लांटात ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीवर असलेल्या लांजेवारांचा.

"मार्चमध्ये मी रिटायर होऊन राहिली," मावशी म्हणाली. "खोली गेली तर मले लय लागन पोरी."

प्लांटात क्रेन चालवून निवृत्त झालेले काका तेवढ्यात कॅलेंडरपाशी थबकले. "अवो, उद्या तर विश्वकर्मा पूजा हाय! मशीन कशी लावशीन?"

मावशीचा चेहरा पडला. सणाच्या निमित्तानं पालक मोकळे सापडतील एवढाच हिशेब तिनं केला होता. पण त्या दिवशी इथे पान्ह्यापासून रिक्षापर्यंत सगळं धुऊन पुजतात आणि मग त्याला कोणी हात लावत नाही. अख्ख्या भिलाईला ठाऊक असलेली गोष्ट मावशी विसरली, कारण तिच्या डोक्यात फक्त ती खोली होती. मला तिची फार माया आली.

सकाळी कॅम्प-1 वस्तीतून जाताना झेंडूनं मढवलेल्या रिक्षा रांगेत उभ्या होत्या. मंडपाच्या गर्दीत वीस मिनिटं अडकलो. या दिवशी जाणार असाल तर लवकर निघा. शाळेत काकांनी आमच्या आधीच येऊन सहाही कॉम्प्युटरना गंध लावून हार घातले होते. मी आणलेल्या कीबोर्डांवरही हळदकुंकू होतं. मी डोक्याला हात लावला.

पालक जमले. लांजेवार पहिल्याच रांगेत होते. "बाई, आज औजाराले हात लावत नाही. आन् लहान पोराईले हे पाहिजे तरी कावून? घरी मोबाइल काय कमी हाय?"

माझंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला बरं वाटलं नाही.

खुशी उठली. "पप्पा, आज भट्टी बंद है क्या?"

"भट्टी कशी बंद राहीन! मलेच दोन वाजता ड्यूटी हाय."

सगळी खोली हसली, शेवटी लांजेवारही. खुशीनं कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि बटण दाबलं.

पडद्यावर तक्ता आला. वर्गातल्या प्रत्येकाच्या वडिलांची महिन्याभराची शिफ्ट, ज्याची त्यानं घरी विचारून भरलेली. नाइट लाल, सुट्टी हिरवी. "लाल के बाद सुबह हल्लागुल्ला नहीं करना, पप्पा सोते हैं," खुशी समजावत होती. "हरा मतलब पप्पा हमारे साथ."

लांजेवारांनी पुढे होऊन स्वतःच्या ओळीवर बोट फिरवलं. एका हिरव्या चौकोनापाशी ते थांबले. "ह्या दिवशी तर म्या ओव्हरटाइम घेतला."

"मालूम है," खुशी म्हणाली. "मैंने फिर भी हरा रखा."

त्यांनी त्या चौकोनावरचं बोट हळूच काढून घेतलं. मग मावशीकडे न बघताच म्हणाले, "बाई, याचा प्रिंट भेटन का? आन् स्टोअर मांगच्या वऱ्हांड्यात करू. पत्रे मी लावून देतो."

मावशीनं पदरानं डोळे पुसले. माझेही भरून आले होते, लपवत नाही.

निघताना खुशीनं मलाही विचारलं, "मौसी, आपकी ड्यूटी?" कधीही, मी म्हटलं. "और ऑफ?" मी मोबाइलमधलं कॅलेंडर चाळू लागले. तिनं सगळ्यात खाली माझं नाव लिहिलं, पुढचे चौकोन कोरे ठेवले आणि प्रिंट माझ्या हातात दिला.

आता तो आमच्या फ्रिजवर आहे. चौथीच्या पोरांना स्क्रीन कशाला, हा प्रश्न मी मागे घेतलाय, मावशीला तसं कळवलंही. काल इरानं सगळी नावं वाचली आणि माझ्या ओळीवर अडली.

"आई, तू तर रोज घरीच काम करतेस. मग एकही हिरवा कसा नाही?"

मी लॅपटॉप मिटला आणि तिच्या दप्तरात हिरवा खडू शोधायला लागले.