उशिरा आलेलं उत्तर

कारखान्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शिकवलं तिनं कधी कुणालाच नव्हतं. पण उलटतपासणी घेतल्याशिवाय ती कुणाचं काही खरं मानत नसे, यंत्राचंही नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी पेटी तिथं बनायची. पेटीत दोन सेन्सर, एक बाळाच्या अंगाचा, एक हवेचा. दोघंही एकाच तारेवर. त्यांना विचारून आकडे आणणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, तिनंच लिहिलेला. पेट्या दवाखान्यात निघायच्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत हवेच्या जागी अंगाचा आकडा उमटला. हवा तापली असं समजून पेटीनं ऊब बंद केली.

“एकदाच ना?” साहेब म्हणाले. “ट्रक दारात उभाय, बाई. सेन्सरच्या उत्तरासाठी थांबायची वेळ वाढवा, विषय संपला.”

“मग चूक कमी वेळा दिसेल, साहेब. आत राहीलच.”

“ड्रायव्हर तुमचाच ना?”

“माझाच. म्हणून तर आडवी येतेय.”

ट्रक रिकामा गेला.

मग ती त्या चुकीच्या हात धुऊन मागे लागली. अंगाच्या सेन्सरनं वेळेत उत्तर दिलं नाही, की तिचा ड्रायव्हर त्याचा नाद सोडून हवेच्या सेन्सरला विचारी. पण तारेवरून प्रश्न-उत्तरं ने-आण करणारी चिप पहिला प्रश्न विसरलेली नसे. रेंगाळलेलं उत्तर आलं की ती इंटरप्ट, म्हणजे ‘उत्तर आलं’ अशी हाक, देई, आणि ड्रायव्हर ते नव्या प्रश्नाचं समजून पदरात घेई. आपण वाट पाहणं सोडलं म्हणून येणारा यायचा थांबत नाही. आयुष्यात हे तिला पुरतं कळलेलं होतं. लिहिताना तेवढं निसटलं.

आता वेळ संपली की ड्रायव्हर आधी चिपकडून तो प्रश्न रद्द करून घेई, मागे राहिलेला इंटरप्ट पुसून टाकी, मगच पुढचं विचारी.

साहेबांसमोर तिनं अंगाच्या सेन्सरला मुद्दाम उशीर करायला लावला.

“अजून करा,” साहेब म्हणाले. “अजून.”

हवेचा आकडा जागचा हलला नाही. साहेबांनी पेटीत हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला.

“माझा नातूसुद्धा ठेवीन यात.”

“तिसरीतला? पाय बाहेर राहतील, साहेब.”

ट्रक पुन्हा बोलावला. पेट्या चढवताना ती अभिमानानं मान ताठ करून दारातच उभी राहिली, आणि हमालांना वाट देण्यासाठीसुद्धा बाजूला झाली नाही; तेच तिला वळसा घालून गेले.