मोटर सुटायच्या आधीचं गाणं

त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर सासरचे नाहीतर माहेरचे, कुणीतरी भांडायला येईल, आणि या वयात त्यांच्यासाठी चहा करत बसायची माझी तयारी नाही. एवढं सांगते की त्यात गाणी चिक्कार होती. माणूस जेवायला बसला तरी गायचा आणि ताटावरून रागावून उठला तरी गायचा. माझ्या लग्नाच्या वर्षी तो वऱ्हाडात जिकडेतिकडे लागला होता, आणि त्याच्यापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

आमचं घर अकोल्याला, जठारपेठेत. बाबांचं फुलांचं दुकान होतं. नवा सिनेमा लागला की थेटराच्या दाराला झेंडूची तोरणं आमच्याकडून जायची, म्हणून मालक आम्हाला फुकट आत सोडायचा. बाबांनी तो सिनेमा सहा वेळा पाहिला आणि सहाही वेळा रडले. कारण शेवट. नायिका आधी आंब्याखाली झोक्यावर बसून एक गाणं म्हणते, अगदी उडत्या चालीचं. शेवटी तिला साप चावतो. मग तेच गाणं ती तिन्ही कडव्यांसकट पुन्हा म्हणते आणि मरते. विष चढलेल्या बाईला इतका दम कुठून येतो, ही शंका मला तेव्हाही होती. पण बाबांपुढे ती काढायची सोय नव्हती.

मला बघायला अमरावतीपलीकडच्या तिवशाचे लोक आले. भाजीपाला पिकवणारं घर, थोडी संत्र्याची झाडं. मुलाला काही विचारायचं तर विचार म्हटल्यावर त्यानं एकच विचारलं, तो सिनेमा पाहिला का. मी म्हटलं, पाहिला, दोनदा रडले. तो गोंधळून म्हणाला, "रडली काहून?" मला वाटलं, काय धीराचा माणूस आहे. मला तो आवडलाच. करीन तर याच्याशीच, असं मी आत्याला त्याच दिवशी सांगून टाकलं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. वरपक्षाला उतरायला समोरचं सरकीचं गोदाम दिलं होतं. रस्ता इतका अरुंद की मी बाशिंग बांधून खिडकीशी बसले होते तिथे मला तिकडची शिंकसुद्धा ऐकू येत होती. बँड आमच्याच गल्लीतल्या एका मुसलमान मास्तरांचा. वरात निघायची वेळ झाली, आणि तिवसेकरांनी त्या झोक्याच्या गाण्याची फर्माईश केली.

बाबा तिथेच उभे होते. ते म्हणाले, "माह्या पोरीच्या लग्नात मरनाचं गानं वाजनार नाई."

सासरे चमकले. कोण मरतं? तिचं तर लग्न होतं, आपण चार वेळा पाहिलाय, अख्ख्या तिवशानं पाहिलाय. बाबा म्हणाले, मी सहा वेळा पाहिलाय. माझ्या मामांनी धावत जाऊन थेटरात मिळणारी गाण्यांची चोपडी आणली. तिच्यात गोष्ट नायक शहरात जातो इथवर होती आणि पुढे काय घडतं ते पडद्यावरच पाहा, असं छापलं होतं. सासरे म्हणाले, बघा, मेल्याचं कुठे लिहिलंय? बाबा म्हणाले, लग्नाचं तरी कुठे लिहिलंय? शेवटी सासऱ्यांनी जाहीर केलं की ते गाणं वाजल्याशिवाय नवरदेव जागचा हलणार नाही. बाबांनी सांगितलं की मग राहू द्या त्याला गोदामात. सूर्य समोरच्या पत्र्यांवर टेकला होता. मला रडू यायला लागलं, पण काजळाची भीती होती.

मास्तर क्लॅरिनेट काखेत धरून सगळं ऐकत होते. तिवशाकडची बरीच लग्नं त्यांनी वाजवली होती. त्यांनी सासऱ्यांना शांतपणे विचारलं, "दादा, सिनेमा पाहून अमरावतीहून तुमी कोन्त्या मोटरनं येता?"

"पावणेआठच्या. आखरी थेच आहे."

"अन् पाचचा खेळ सुटते आठले."

हिशेब साफ होता. नायक परत आला, त्याच्या हातात हार आहे, नायिका धावत निघाली, की अख्खा तिवसा उठून मोटरीकडे पळायचा. हार दिसल्यावर लग्न होणार असं धरून चालण्यात त्यांची तरी काय चूक?

माझे चुलतसासरे मटकन पोत्यावर बसले. "मेली? कशी काय मेली?"

त्यांचा चेहरा बघून बाबांचा राग उतरला. ते शेजारी बसले आणि सांगू लागले. साप कुठून आला, नायक कसा हार घेऊन उभाच राहिला, पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिवसेकर फेट्याच्या शेवांनी डोळे पुसू लागले. बाबा तर सातव्यांदा रडत होते. भटजी मांडवातून मुहूर्त, मुहूर्त म्हणून ओरडत होते आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं. मला भयंकर राग आला. लग्न माझं, आणि सगळे त्या सटवीसाठी रडतायत.

मी आत्याला बोलावलं. "आत्याबाई, बाबाले सांगजो, थे मेली तं मेली. मी अजून जिती आहो."

आत्यानं रस्ता ओलांडून हे जसंच्या तसं, खणखणीत आवाजात सांगितलं. तेव्हा नवरदेव उठला आणि मास्तरांना म्हणाला, "वाजवा तेच गानं. पन मोटर सुटायच्या आधीचं."

मास्तरांनी ते झोक्यावरचं, अगदी उडतं वाजवलं. बाबा वरातीपुढे नाक पुसत चालत आले. मुहूर्त जेमतेम सापडला.

पुढे दोनेक महिन्यांनी ह्यांनी मला अमरावतीला त्याच सिनेमाला नेलं. आता शेवट दाखवते ह्यांना, असं मी ठरवलं होतं. रात्री मुक्कामाला अमरावतीतच ह्यांच्या मावशीचं घर होतं, मोटरीची चिंता नव्हती. नायकाच्या हातात हार दिसला आणि हे उठले.

मी म्हटलं, "शेवट?"

"मले शेवट मालूम आहे. चाल, मोटर जाईन."

मी चिडून उठले. तिवशाच्या मोटरीत नांदगाव पेठ येईपर्यंत एक अक्षर बोलले नाही. मग अंधारात हे हळूच झोक्याचं गाणं म्हणायला लागले, पार बेसूर, आणि माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

आता हे नाहीत. नातवंडं सिनेमाची गोष्ट सांग म्हणतात तेव्हा मी तीच सांगते, आणि शेवटी नायिकेचं लग्न लावून देते. परवा माझा भाऊ अकोल्याहून आला होता. तो ऐकतच राहिला. म्हणाला, "बाई, लेकराइले खोटं काहून सांगून राहिली? तू तं दोनदा पुरा पायला."

मी म्हटलं, "मले मोटर पकडाची होती."