रोजचाच स्वयंपाक

भाद्रपद लागला की आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत लोक एकमेकांच्या तब्येतीपेक्षा प्लेटलेट्सची चौकशी जास्त करतात. तर अशाच एका सकाळी समोरच्या फ्लॅटमधली पंजाबी शेजारीण दारात आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "बहनजी, बहू से पूछ के बताओ, बेटी को लाऊँ कि नहीं?"

तिची मुलगी मानेसरला असते, जावई मोटारीच्या कारखान्यात. पहिलं बाळंतपण, आठवा महिना लागलेला, आणि तिथं करणारं कोणी नाही. पण इथं आणावी तर आजूबाजूला तापाची घरं. अवघडलेल्या बाईला डेंग्यू झाला तर काय, हा घोर शेजारणीला झोपू देत नव्हता.

माझ्या सुनेला विचारायचं, कारण ती साथींचं गणित करते. हा डास फार लांब उडत नाही, चावल्यावर काही दिवसांनी ताप येतो. लोकांनी आपापल्या घरचा ताप तिच्या फोनवरच्या ॲपमध्ये कळवला तर साथ कुठं निघालीय याचा अंदाज मांडता येतो. मी एकदा म्हटलं होतं, "म्हणजे ज्योतिषच की."

"ज्योतिषी चुकला तर कबूल करत नाही, आई. मला करावं लागतं."

तिनं फोनवरचा नकाशा उघडला. आमची इमारत लाल. शेजारणीचा चेहरा उतरला. सून म्हणाली, "आंटीजी, घबराइए मत. ज्यांना ताप आहे तेच कळवतात. बाकीची घरं बरी आहेत की नुसतीच गप्प, हे मला कळत नाही. 'ताप नाही' एवढं सगळ्यांनी रोज कळवलं, तर मी तुम्हाला काही सांगू शकेन."

सोसायटीच्या ग्रुपवर तसा निरोप गेला. कोणी काही कळवेना. "एक बटण दाबायचं, तेही नको यांना," सून चिडली.

दाबलं तर मीही नव्हतं. शेवटी म्हटलं, "अगं, 'आमच्या घरी सगळे ठणठणीत' असं कोण आपल्या तोंडानं बोलेल? संध्याकाळपर्यंत कोणीतरी अंथरूण धरायचं."

"बिल्कुल," पुन्हा चौकशीला आलेली शेजारीण म्हणाली. "नज़र लगते देर लगती है क्या?"

ती पंजाबची, मी साताऱ्याची, पण इथं आमचं एकमत. सुनेनं हात टेकले.

"मग दुसरं काहीतरी विचार ना," मी म्हटलं. "जेवायला काय केलं ते विचार. ते बायका न विचारताही सांगतात. घरात ताप आला की आधी फोडणी थांबते. मऊ भात, खिचडी, दलिया."

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. डोक्यात गणित सुरू झालं की ती अशीच बघते. दुसऱ्या दिवशी फोनवर दोन बटणं आली: 'रोज़ वाला' आणि 'कुछ और'.

मग काय विचारता. सकाळ-संध्याकाळ घरं बोलायला लागली. वरच्या बंगाली बाईंची तर तक्रार आली, की माशाचं नाव लिहायला जागा का नाही.

आणि नवरात्राच्या पहिल्या सकाळी सून खोलीतून धावत आली. "आई, एका रात्रीत अर्धी सोसायटी आजारी पडलीय."

मी उपासाचे बटाटे सोलत होते. 'कुछ और' मीही दाबलं होतं. ताटली तिच्यापुढं धरली. "ही बघ तुझी साथ. उपास आहेत आज घरोघर."

ती कपाळाला हात लावून हसत सुटली. "माझ्या गणितात देवीच नव्हती."

उपासाचं बटण वेगळं केलं, तेव्हा चित्र उघडं पडलं. बहुतेक घरं रोजचंच जेवत होती. खिचडी शिजत होती ती फक्त मागच्या जिन्याच्या आसपास. आम्ही तिघी सेक्रेटरींना घेऊन तिकडं गेलो. एका बंद फ्लॅटच्या गॅलरीत कूलर, त्यात उन्हाळ्यातलं पाणी तसंच. सेक्रेटरी म्हणाले, "मालिक से पूछना पड़ेगा." शेजारणीनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी उभ्या उभ्याच फोन लावला. मालकाचा भाऊ किल्ली घेऊन आला, कूलर रिकामा झाला, घासला गेला.

कूलरमुळेच झालं असं सून आजही शपथेवर सांगत नाही. पण मागच्या जिन्यातली घरं हळूहळू पुन्हा फोडणीवर आली, नवीन घर काही खिचडीवर गेलं नाही. काही दिवस वाट पाहून ती समोर जाऊन सांगून आली, "अब ले आइए. मच्छरदानी लगाइए, लेकिन ले आइए."

मुलगी आली. दिवाळीच्या आधी तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप. दवाखान्यातून घरी आल्या त्याच्या दुसऱ्याच सकाळी सुनेनं चहाचा कप खाली ठेवला. "आई, समोरून 'कुछ और' आलंय." तिचा आवाज बदलला होता. तान्हं बाळ त्या घरात.

"फोन ठेव. आधी वास घे," मी म्हटलं.

दाराच्या फटीतून तुपात भाजलेल्या पिठाचा वास येत होता. पंजीरी. बाळंतिणीसाठी पहाटेपासून चाललं होतं.

सुनेनं श्वास सोडला. "हे आता मी कशात धरू?"

"रोजचंच धर," मी म्हटलं. "सव्वा महिना त्या घरात हेच शिजणार आहे."