यंत्रानं ठेवलेलं अर्धं वाक्य

सात वर्षं वाट बघितल्यावर आमच्याकडे टेलिफोन आला, आणि तो येऊन चार महिने होत नाहीत तोच मला त्याचा कंटाळा आला. म्हणजे फोनचा नाही, तो उचलण्याचा. मी जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. विज्ञानाच्या मास्तरानं चारचौघांसारखं धावत जाऊन फोन उचलावा, हे मला पटत नसे. म्हणून दुबईतल्या चुलतभावाकडून मी एक यंत्र मागवलं. आपण घरी नसलो की ते आपल्या आवाजात बोलायचं आणि समोरच्याचं बोलणं छोट्या कॅसेटवर ठेवून घ्यायचं. आमच्या गल्लीत मिक्सर येऊनही फार दिवस झाले नव्हते, त्या काळातली ही गोष्ट.

चुलतभावानं स्वतः येऊन ते जोडलं, माझ्या आवाजात 'आम्ही घरी नाही, आपला निरोप ठेवा' एवढं भरून दिलं आणि तो परत गेला. जाताना इंग्रजी माहितीपुस्तक हातात ठेवून म्हणाला, "वाचून घे." मला राग आला. विज्ञानाच्या मास्तराला वाचायला सांगतो!

पहिली तक्रार धुळ्याहून आली. तिथे माझी थोरली बहीण असते. मी शाळेतून आल्यावर कॅसेट लावली तर अक्काचा आवाज: "अरे, घरी नाही म्हणतोस आणि बोलतोयस तूच! मग बोलतंय कोण? ... हॅलो? ... बघा, आता गप्प बसला. लहानपणापासून असाच आहे हा, खोटं पकडलं की गप्प!" पुढे पाच मिनिटं तिनं माझ्या लहानपणाचे पुरावे दिले. बायकोनं ती कॅसेट दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा पोळ्या लाटता लाटता.

दुसरी तक्रार भिंतीपलीकडच्या नानांची. नाना तारखात्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी पेपर वाचायला आमच्या ओट्यावर यायचे आणि यंत्राकडे सापाकडे बघावं तसं बघायचे.

"मास्तर, मी तेहेतीस वर्षं लोकांच्या तारा घेतल्या," ते म्हणाले. "कोणाचा बाप गेला, कोणाची सोयरीक मोडली, कोण कोणाला घेऊन पळालं, सगळं पहिल्यांदा मला कळायचं. ऐकायचं, लिहायचं आणि विसरायचं. विसरण्याचाच पगार होता आम्हाला. हे तुमचं यंत्र विसरतं का?"

"नाना, न विसरणं हाच तर त्याचा गुण आहे!"

"मग ते घरात ठेवण्यासारखं नाही."

"ज्याला लपवायचं असेल त्यानं घाबरावं. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" हे वाक्य मी तेव्हा फार ऐटीत बोललो. आता पंचवीस वर्षांच्या पोरांच्या तोंडून त्यांच्या फोनबद्दल हेच वाक्य ऐकतो, तेव्हा त्यांना जवळ बोलावून माझ्या सासुरवाडीची, चोपड्याची हकिगत सांगावीशी वाटते.

नानांनी पेपरची घडी घातली. "आणि घरी कोणी नाही हे गावाला ओरडून सांगता, ते कशाला? चोरानं विचारायच्या आधीच उत्तर?"

हे मात्र माझ्या डोक्यात राहिलं.

मेमध्ये आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. बायको दोन दिवसांसाठी चोपड्याला गेली. सासरे केळीचे बागाईतदार. सगळे त्यांना आबा म्हणत. दुसऱ्या दिवशी मला पहूरला एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला जायचं होतं. घर खरोखरच मोकळं राहणार होतं. निघण्यापूर्वी मी यंत्रातलं बोलणं बदलायचं ठरवलं: 'आम्ही कामात आहोत.' चोराचंही समाधान आणि अक्काचंही.

नाना ओट्यावर होतेच. मी त्यांना दारातून आत बोलावलं, यंत्रासमोर उभा राहिलो, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात बोललो: "नमस्कार. आम्ही कामात आहोत. निरोप ठेवा." मग बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"झालं," मी म्हणालो. "जतन झालं."

पुस्तक वाचलं असतं तर कळलं असतं की आधी बटण दाबायचं आणि मग बोलायचं. लाल दिवा म्हणजे 'झालं' नव्हे, 'चालू आहे'. पण मी आयुष्यभर पोरांना शिकवत आलो होतो की निष्कर्ष निरीक्षणावरून काढावा. मी दिवा पाहिला आणि निष्कर्ष काढला. मग एसटी पकडायला गेलो.

पहूरला पंगतीत दोनदा बुंदी घेतली आणि दिवस मावळायच्या आत घरी आलो. यंत्रावर निरोपांचा आकडा लुकलुकत होता: अकरा. एवढे फोन आमच्याकडे महिन्याला येत नसत. माझी छाती फुगली.

पहिल्या निरोपात कोणी बोललंच नाही. नुसता श्वास, मागून रिक्षाचा हॉर्न, आणि फोन ठेवल्याचा खटका. दुसऱ्यात कोणीतरी पुरुष खाकरला. तिसऱ्यात बायकांचा घोळका: "दे मन्हाकडे! माले आयकू दे!" चौथ्या, पाचव्या, सहाव्यात हसणं. सातव्यात परका आवाज: "मी चोपड्याचा एसटीडीवाला बोलतोय. तुमची मंडळी परत परत लावत होती, म्हटलं आपणही ऐकावं. छान बोलता साहेब." मग आणखी तिघंजण, बहुधा त्याची गिऱ्हाइकं. शेवटचा निरोप आबांचा. शांत आवाज.

"जवाईबापू, आम्हनी पोर आठेच शे. तुम्हनी हरकत नही ना, मंग ऱ्हाऊ द्या."

पोर इथेच आहे, राहू द्या, एवढं कळलं; पण माझी हरकत कसली, ते कळेना. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि स्वतःच्याच घरी फोन लावला. घंटा वाजली, यंत्रानं फोन उचलला आणि मी मला भेटलो:

"झालं. जतन झालं. घर कसं शांत आहे बघा नाना, रेडिओ बंद केल्यासारखं. दोन दिवसांसाठी गेलीय, पण आठ दिवस राहिली तरी आपली हरकत नाही. येताना केळीचा घड आणू नये म्हणजे झालं. सासऱ्यांच्या केळ्यांना आता गल्लीतल्या म्हशीसुद्धा तोंड फिरवतात. पण एक सांगू..."

आणि पीप. अर्ध्या मिनिटाची फीत तिथे संपली होती.

घरी येऊन पहिल्यांदा मी ते माहितीपुस्तक वाचलं. संबंधित पानावर मोठ्या अक्षरात सगळं लिहिलं होतं, चित्रासकट. मग भिंतीवरून नानांना हाक मारली.

"नाना, 'पण एक सांगू' म्हणून मी पुढे बोललो ना? 'तिच्याशिवाय सकाळचा चहा जमत नाही,' असं बोललो ना?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही तिथेच होतात!"

"होतो. ऐकलं आणि विसरलो. तुम्हाला सांगितलंय मी, नोकरीची सवय."

"एका वाक्यावर माझा संसार अडलाय, नाना."

"मग बघा," नाना म्हणाले, "यंत्राला विचारून."

खरं सांगायचं तर ते चहाचं वाक्य मी बोललो होतो की नाही, हे मलाही नक्की आठवत नव्हतं. 'पण एक सांगू, परवा मॅच आहे' असंही असू शकेल. पण माणसाला गरज पडली की त्याची आठवण फार लवकर सुधारते.

चार दिवस मी चोपड्याहून फोन येण्याची वाट बघितली. घर खरोखर रेडिओ बंद केल्यासारखं शांत होतं. माझ्या हातचा चहा गल्लीतल्या म्हशींनीसुद्धा घेतला नसता. पाचव्या दिवशी एसटीनं चोपड्याला गेलो.

अंगणात झोका अजून बांधलेला होता. बायको त्याच्यावर बसली होती, पण झोका हलत नव्हता. मावश्या, आत्या, चुलत सासू, सगळ्या ओट्यावर. मी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कसं, कोण जाणे. बहुधा एसटीडीवाल्यानं सांगितलं असावं. मी बसमधून उतरलो तेव्हा तो बूथच्या दारातून माझ्याकडे बघून हसला होता.

आबांनी पाणी दिलं. मग केळ्यांची ताटली पुढे केली. मी तीन केळी खाल्ली. कोणी आग्रह केला नाही, तरी खाल्ली.

"ते वाक्य पुरं नव्हतं आबा," मी म्हणालो. "यंत्रानं मधेच तोडलं. पुढचं चांगलं होतं."

"यंत्रमा जे शे, ते बठ्ठास्नी आयकं," आबा म्हणाले. "जे नही, ते आते बठ्ठास्ना समोर सांगा."

शाळेत पन्नास पोरांसमोर न अडखळणारा मी, तिथे सगळ्यांसमोर घाम पुसत उभा राहिलो. "तिच्याशिवाय... सकाळचा चहा जमत नाही."

मग आत्या म्हणाली, "मंग चहावाली ठेवा ना!" आणि ओटा हसण्यानं फुटला. आबासुद्धा हसले. बायको हसली नाही. तिनं मला झोक्याजवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "पहिला फोन माझा होता. लग्नाला निघण्याआधी काही खाल्लंत का, एवढंच विचारायचं होतं."

तो श्वास तिचा होता. तो रिक्षाचा हॉर्न चोपड्याचा होता. यावर काय बोलावं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, चित्रासकट तर नाहीच. मी म्हणालो, "नव्हतं खाल्लं." तेही खोटं होतं, निघताना मी चार शिळ्या पोळ्या खाल्ल्या होत्या. पण तिनं मान हलवली आणि पिशवी भरायला आत गेली.

आबांनी एसटीच्या टपावर केळीचे दोन घड चढवले. एक मला, एक म्हशींना, असं कंडक्टरला मोठ्यानं सांगून.

घरी आल्यावर बायकोनं आधी माहितीपुस्तक मागून घेतलं, वाचलं, बटण दाबलं आणि यंत्रात स्वतःचं बोलणं भरलं: "हे घरीच आहेत, पण फोन उचलायला लाजतात. जोरात बोला." ते ऐकून धुळ्याच्या अक्कानं निरोप ठेवला, की आता हे यंत्र खरं बोलायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पेपरला आले. बायकोनं त्यांच्यापुढे केळ्यांची फणी ठेवली आणि सरळ विचारलं, "नाना, त्या दिवशी 'पण एक सांगू' नंतर हे काय म्हणाले होते?"

मी पेपरमागे होतो. पेपर हलू नये म्हणून मी श्वास रोखला.

नानांनी केळं सोललं, अर्धं खाल्लं आणि माझ्या बाजूला बघत म्हणाले, "पोरी, शब्द विसरलो बघ. पण चांगलं होतं. तुझ्याबद्दलच होतं."

ती आत गेली. थोड्या वेळानं स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. नाना तेव्हा माझ्यासाठी खोटं बोलले का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते विसरले असते.