थंडोबाचं मत

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते गल्लीने ठेवलं आणि चिकटलं. माणूस स्वभावाने थंड. अंगावर पाल पडली तरी आधी तिच्याकडे नीट बघणार, मग झटकणार. त्यात धंदाही गारव्याचाच. उमेदीची वर्षं त्याने लोकांच्या घरी फ्रीज आणि एसी दुरुस्त करण्यात घालवली, आणि शहराच्या टोकाला ती खिडक्या नसलेली इमारत उभी राहिली तेव्हा तिथल्या कूलिंगच्या कामावर लागला.

फ्रीज दुरुस्त करायचा तेव्हा त्याला मतं होती, आणि भरपूर होती. लोकांच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागे डोकं घालून तो तिथूनच सुनवायचा. मोबाइल आले आणि माणसं मुकी झाली. सगळं फुकट मिळतंय म्हणजे विकली जाणारी वस्तू आपणच. घरातली बाई चहा ठेवता ठेवता "खरंय हो तुमचं" म्हणायची, आणि तो समाधानाने पाना फिरवायचा.

इमारतीत लागल्यावर मात्र उलटच झालं. "इंटरनेटच्या घरात काम करतो" अशी त्याची ख्याती झाली आणि जो तो त्यालाच विचारू लागला. न्हावी विचारायचा, "आपण बोलतो ते कुणी ऐकतं का हो तिथे?" शेजारची कॉलेजातली मुलगी विचारायची, "काका, ही हुशार यंत्रं आमच्या नोकऱ्या खाणार का?" थंडोबा कानशील खाजवायचा. त्याने आत काय पाहिलं होतं? माणसं कमी आणि कपाटंच जास्त. कपाटांत कॉम्प्युटर, त्यांना लुकलुकणारे दिवे, आणि ताप आलेल्या पोरासारखी त्यांच्या अंगातून निघणारी धग. ती धग पाण्याने शोषून घ्यायची, तापलेलं पाणी गच्चीवर न्यायचं, तिथल्या मोठ्या टॉवरमधून पावसासारखं खाली सोडायचं, पंख्याने वारा घालायचा, आणि गार झालं की पुन्हा खाली पाठवायचं. ही त्याची नोकरी. कपाटांत कुणाचं काय साठवलंय, हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

"असेलही, नसेलही," तो न्हाव्याला म्हणायचा.

"आत असून माहीत नाही?"

"आत असलो की आणखीच कळत नाही बघ."

घरी त्याची बायको होती, आणि मुलगी. बायकोची लाँड्री घराच्या पुढच्याच खोलीत. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे डगले, असलं सगळं ती धुऊन, इस्त्री करून द्यायची. मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आई तिच्याबरोबर खुणांची भाषा शिकली. थंडोबा मात्र जेव, झोप, चल, थांब, यांच्या पुढे फारसा गेला नाही. लहानपणी ती पोर तासन्तास दारात बसून रस्त्याकडे बघत राहायची. मग व्हिडिओ कॉल आले आणि एका वर्षात घरात जणू दुसरीच मुलगी राहायला आली. देशभरच्या तिच्यासारख्या मुलींशी ती हातांनी गप्पा मारू लागली, खिदळू लागली, भांडू लागली. आता तर ती स्क्रीनवरून लहान मुलांना खुणांची भाषा शिकवायची आणि पगार मिळवायची. तिचे हात भराभर फिरताना पाहिले की थंडोबाला वाटायचं, मोबाइलमुळे माणसं मुकी झाली असं आपण कुठल्या तोंडाने सांगत फिरलो?

पण त्या मताचा झेंडा अजून घरात फडकत होताच. बायकोचे थोरले भाऊ, निवृत्त शिक्षक, दर रविवारी यायचे. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांचं म्हणणं ठाम होतं: इंटरनेटने समाजाची वाट लावली. हे ते दारात जोडे काढल्यापासून सांगायला लागायचे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ फोनवर आलेले व्हिडिओ एकामागून एक दाखवायचे.

त्या उन्हाळ्यात नळाचं पाणी आटत गेलं. आधी धार बारीक झाली, मग करंगळीएवढी, मग नळ नुसताच खाकरायचा. लाँड्रीत चादरींचे ढीग साचले. टँकर आला की गल्लीत ही झुंबड. आणि अशातच कुणीतरी म्हणालं, की आपलं पाणी ती खिडक्या नसलेली इमारत पिते. झालं! गवताच्या गंजीत काडी पडावी तशी ती गोष्ट गल्लीभर पसरली.

"अहो, खरं का हे?" बायकोने विचारलं. तिच्या हातात कोरडी बादली होती.

"काय?"

"तुमच्या गच्चीवरून पाण्याची वाफ उडते म्हणे."

"उडते थोडी. उडायलाच हवी, त्याशिवाय गार कसं होईल?"

"थोडी म्हणजे किती?"

थंडोबा मनात हिशेब करू लागला. इतकी वर्षं त्याने पंपांचे आवाज कानाने ओळखले होते, टॉवरच्या जाळ्यांवरचा क्षार खरवडला होता. पण पाणी किती येतं आणि किती जातं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याचा मीटर दुसऱ्या खोलीत, आणि ती खोली दुसऱ्याच्या अखत्यारीत.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमना विचारलं. मॅडम म्हणजे त्याच्या वरिष्ठ इंजिनियर, मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील.

"काका, आपण पिण्याचं पाणी वापरतच नाही," त्या म्हणाल्या. "सांडपाणी शुद्ध करून येतं ते वापरतो."

थंडोबाचा जीव भांड्यात पडला. पण लगेच त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे, एरवी. आता त्या शुद्धीकरण केंद्रालाच पाणी कमी येतंय. तर मध्ये काही दिवस कुठून घेतलं, ते... मलाही वरून जे सांगतात तेच मी सांगते."

"वरून म्हणजे कुठून?"

मॅडमनी नुसतं छताकडे पाहिलं. वर तर थंडोबाचे टॉवरच होते.

पाणीखात्याचा माणूस गल्लीत येऊन सांगून गेला, की मोठी पाइपलाइन फुटली आहे, इमारतीचा संबंध नाही. दादा म्हणाले, हे सगळे एका माळेचे मणी. न्हावी म्हणाला, पाइपलाइन खरंच फुटलीय, माझ्या साडूने डोळ्यांनी पाहिलं. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. थंडोबाला प्रत्येकाचं पटायचं, आणि सगळ्यांचं एकदम पटू लागलं की तो गच्चीवर जाऊन जाळ्यांवरचा क्षार खरवडत बसायचा.

मग मोर्चा निघाला. सकाळीच माणसं रिकाम्या बादल्या घेऊन इमारतीच्या फाटकापुढे जमली. थंडोबा तेव्हा गच्चीवर होता. कठड्यावरून वाकून पाहतो तो सगळ्यांत पुढे बायको, निळ्या बादलीवर लाटण्याने ठणाठणा वाजवतेय. तिच्याशेजारी मुलगी, फोन काठीला बांधून आपल्या मैत्रिणींना सगळं खुणांनी सांगतेय. आणि दादा! आपला फोन तोंडासमोर धरून गर्जत होते, "बंधूंनो, हे इंटरनेट आपल्याला पिऊन टाकतंय! हा व्हिडिओ जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा!"

थंडोबाला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. खाली जावं तर आपण त्यांच्यातले, वर थांबावं तर आपण यांच्यातले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत पाणी नाही.

तेवढ्यात पंपाचा आवाज बदलला. थंडोबाच्या कानाला ते बरोबर कळलं. पंप कोरडा ओढत होता. टाकीत वाकून पाहिलं तर पातळी उतरत चाललेली आणि येणारी धार बंद. म्हणजे रस्त्यालगतच्या चेंबरमधला व्हॉल्व्ह कुणीतरी मघाशीच फिरवला असणार. तो खाली धावला. आतल्या खोल्यांत नेहमी स्वेटर घालून बसणारी माणसं घाम पुसत होती. मॅडम फोनवर ओरडत होत्या. शेवटी त्यांनी तापलेली कपाटं एकेक करून बंद करायला लावली.

शहरातल्या इंटरनेटच्या बऱ्याच लाइनी याच इमारतीतून फिरून जायच्या. फाटकाबाहेर दादांचा आवाज "बंधूंनो" वर अडकला. फोनकडे बघत ते विचारू लागले, "काय झालं? चाललंय ना?" मुलीच्या पडद्यावर तिची मैत्रीण हात हवेत धरून तशीच गोठली. गर्दीतल्या एकाला दवाखान्यात फोन लागेना, दुसरीचं मुलाच्या परीक्षेचं पान उघडेना. बादल्यांचा आवाज मंदावला.

"काका, मागच्या फाटकाने घरी जा," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला त्रास व्हायला नको."

थंडोबा "हो" म्हणाला आणि पुढच्याच फाटकाने बाहेर गेला. असं का केलं, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

"व्हॉल्व्ह कुणी बंद केला?" त्याने विचारलं.

"मी," दादा छाती काढून म्हणाले. "काय म्हणणं आहे, जावईबापू?"

"तो उघडा, दादा. आत सगळं तापतंय."

"आमची घरं तापताहेत त्याचं काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

बायको पुढे आली. सगळ्यांसमोर तिने विचारलं, "तुम्ही एवढंच सांगा. आमचं पाणी हे पितात, की नाही पीत?"

सगळ्यांच्या माना थंडोबाकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं त्याच्या मताची वाट पाहत होती.

"मला माहीत नाही," थंडोबा म्हणाला.

गर्दीत हशा पिकला, शिट्ट्या झाल्या. "विकला गेला!" कुणीतरी म्हणालं. बायकोचं तोंड उतरलं, ते त्याला शिट्ट्यांपेक्षा जास्त लागलं.

"खरंच माहीत नाही," तो पुन्हा म्हणाला. "वाफ उडते ते रोज बघतो. ते पाणी कुठलं, ते मला तीन जणांनी तीन तऱ्हेचं सांगितलं. तू वर चल. तुझ्या डोळ्यांनी बघ. मग तूच सांग यांना."

पहारेकरी नाही म्हणत होते. मागोमाग बाहेर आलेल्या मॅडमनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली; पण आधी व्हॉल्व्ह उघडायचा, ही अट घातली. दादा खूप वेळ कुणी समजूत काढण्याची वाट बघत राहिले. पण लोक आपापले बंद पडलेले फोन बघत होते. मग त्यांनी स्वतःच जाऊन तो उघडला.

इतक्या वर्षांत बायको नवऱ्याच्या कामाच्या जागी पहिल्यांदाच आली होती. टॉवरमध्ये पुन्हा पाणी पडू लागलं होतं. ती जाळीपाशी गेली. गार तुषार तिच्या तोंडावर आले, आणि तिने डोळे मिटले. कित्येक आठवड्यांत तिच्या तोंडावर एवढं पाणी पडलं नव्हतं.

"किती छान आहे हो इथे," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी भडकली. "एवढं पाणी! आणि मी दवाखान्याचे डगले परत पाठवतेय!"

"ते फिरून फिरून तेच येतं गं. सगळं नाही उडत."

"पण उडतं ना?"

"उडतं."

"आणि हे बंद पडलं की हिचं," तिने खाली मुलीकडे बोट दाखवलं, "हिचं बोलणं बंद."

"हो."

ती पदराने तोंड पुसून जिना उतरू लागली. खाली गेल्यावर लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "पाणी आहे. पुष्कळ आहे. कुणाचं आहे ते मलाही कळलं नाही." मग तिलाही शिट्ट्या मिळाल्या, पण जरा कमी.

संध्याकाळी मुलगी बापापुढे येऊन बसली. खुणांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' एकच असतं; नुसतं बोट दाखवायचं. तिने बोट त्याच्याकडे केलं आणि विचारलं, तू कुणाच्या बाजूने? थंडोबाला उत्तर द्यायचं होतं, पण त्याच्याकडच्या खुणा जेव, झोप, चल आणि थांब. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको चादरींच्या घड्या घालत होती. "मला नका विचारू, तिलाच विचारा," ती म्हणाली. मग त्याने मुलीलाच हातवारे करून विचारलं, की डोक्यात कालवाकालव होते त्याची खूण कोणती? तिला आधी समजेना. समजल्यावर तिने दोन्ही हातांची बोटं कपाळासमोर एकमेकांभोवती फिरवून दाखवली. त्याला जमेना. तिने त्याचे हात धरून फिरवले. पुन्हा चुकला, तशी ती जोरात हसली. त्या संध्याकाळी तो आणखी आठ-दहा खुणा शिकला. त्यातली एक दादांची होती, ती इथे सांगण्यासारखी नाही.

पुढे पाणी आलं. दिवसाआड, पण बऱ्यापैकी. दादा म्हणाले, मोर्चामुळे. न्हावी म्हणाला, पाइपलाइन जोडली म्हणून. मॅडम म्हणाल्या, आम्ही टॉवरची रचना बदलली, आता कमी लागतं. इमारतीने गल्लीतल्या लोकांची एक समिती नेमली, आणि तिच्यात सगळ्यांनी मिळून थंडोबाच्या बायकोला बसवलं. आता महिन्यातून एकदा ती त्याच्या स्कूटरवर मागे बसून इमारतीत जाते. तो गच्चीवर चढतो, ती मॅडमच्या खोलीत जाऊन भांडते.

परवा परतताना तो म्हणाला, "मग? काय ठरलं?"

"ठरतंय कुठलं! त्या आकडे दाखवतात. मी विचारते, हे मोजले कुणी? त्या म्हणतात, मीटरने. मी म्हणते, मीटर कुणाचा? मग चहा येतो."

"मग तुझं मत काय झालं?"

"मला वाटायचं, मॅडमना तरी माहीत असेल," ती म्हणाली. सिग्नल लागला होता. शेजारच्या रिक्षात कुणीतरी फोनवर मोठ्याने व्हिडिओ बघत होतं. "त्यांनाही माहीत नाही हो. आणि त्या एवढ्या शिकलेल्या. मी घाबरले जरा."

थंडोबाने आरशात तिच्याकडे पाहिलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. मध्येच तिला आठवलं, की साबण संपलाय. तेव्हा त्याने स्कूटर बाजाराकडे वळवली.