समुद्र उजव्या हाताला

गाडीचं दार उघडून मुलीचे बाबा उजवीकडच्या पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि सवयीनं दोन्ही हात पुढे केले. पुढे स्टिअरिंग नव्हतं. हात क्षणभर हवेतच राहिले, मग त्यांनी ते मांडीवर ठेवले. मुलगी डावीकडून आत आली. स्टिअरिंग तिच्यापुढे होतं.

"इथं उलटं असते बाबा," ती म्हणाली. "गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "हाताले माहीत नाई."

मी मागे बसले होते. त्यांना मी मुलीच्या तोंडचंच नाव घेऊन बाबा म्हणते, लग्नानंतर चौथ्या वर्षापासून. त्यांनी सव्वीस वर्षं सरकारी बस चालवली. गडचिरोली, धानोरा, कुरखेडा, परत गडचिरोली. मी कुरखेड्याजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघं नुसतं फिरायला म्हणून कुठेच गेलो नव्हतो. लग्नांना गेलो, मयतीला गेलो, मुलीच्या परीक्षेसाठी नागपूरला गेलो. माहेरी जायचं तर मी त्यांच्याच बसनं जायची. ते पुढे, मी तिसऱ्या रांगेत खिडकीशी. गाडी चालवताना ते कुणाशी बोलत नसत, माझ्याशीही नाही.

मुलगी तैवानमध्ये एका कारखान्यात इंजिनीअर आहे. तीन वर्षं ती आम्हाला बोलावत होती. शेवटी मार्च महिन्यात आम्ही गेलो. तिनं सुट्टी काढून बेटाच्या पूर्व किनाऱ्यानं मोटारीतून फिरायचं ठरवलं होतं. पाच दिवस, आणि सगळं मिळून अंतर दोनशे किलोमीटरसुद्धा नाही.

"दोनशे किलोमीटरले पाच दिवस?" बाबांनी फोनवरच विचारलं होतं. "बैलगाडीनं जाऊन राह्यलो का आपण?"

बैलगाडी नव्हती. तिनं भाड्यानं घेतलेली गाडी आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी वाटली मला. मऊ चामड्याच्या सीटा, पायांपुढे ऐसपैस जागा, आणि डोक्यावर काचेचं छत. मान मागे टाकली की आभाळ मांडीवर येऊन पडल्यासारखं वाटायचं. इंजिनाचा आवाजच नव्हता. बाबांनी दाराला तळहात लावून पाहिला.

"सुरू आहे ना?"

"सुरू आहे, बाबा. चाललो आपण."

खरंच आम्ही चाललो होतो. शेवटची घरं मागे गेली, रस्ता एका वळणावर खाली उतरला आणि समुद्र आला. मी त्याआधी समुद्र नकाशात पाहिला होता, निळ्या खडूनं फळ्यावर काढला होता. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव. त्याला पलीकडचा काठ असतो, काठावर मोहाची झाडं असतात, झाडांखाली कुणीतरी मासोळी धरत बसलेलं असतं. इथे पलीकडे काहीच नव्हतं. नजर जाऊन जाऊन थकायची आणि परत यायची.

"समुद्र तुमच्या बाजूनं राहावा म्हणून मी दक्षिणेकडून सुरुवात केली," मुलगी बाबांना म्हणाली. "उलटीकडून आलो असतो तर तो माझ्या बाजूनं राहिला असता."

बाबांनी मान वळवून, अगदी खांद्यासकट वळून, समुद्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. माणूस खुळावला, असं मला वाटलं. बरंही वाटलं.

ते पहिले दोन दिवस मला नीट क्रमानं आठवत नाहीत. उन्हात डुलकी लागावी तसे ते गेले. एका बाजूला हिरवे डोंगर थेट रस्त्यापर्यंत उतरलेले, दुसऱ्या बाजूला ते निळं पाणी, मध्ये आमची संथ गाडी. केळीची, सुपारीची झाडं. एका ठिकाणी तर भाताची खाचरं, आमच्या बोलीत बांध्या, होत्या, नुकताच रोवणा झालेल्या, आणि शेवटच्या बांधीच्या धुऱ्यापलीकडे, मातीच्या बांधापलीकडे, लाटा फुटत होत्या. मी गाडी थांबवायला लावली. आमच्याकडे या दिवसांत बांध्या कोरड्या भेगाळलेल्या असतात आणि गावभर मोहफुलांचा वास असतो. इथे टीचभर हिरवी रोपं, त्यांच्या मुळांशी आभाळ, आणि मागे समुद्राचा घरघरणारा श्वास. मी धुऱ्यावर अर्धा तास उभी राहिले. कुणी घाई केली नाही. घाई न करणं हेच त्या प्रवासातलं सगळ्यात महागडं सुख होतं.

हॉटेलच्या खोलीत समुद्राकडची अख्खी भिंत काचेची होती. काचेशी लाकडी टब होता, त्यात जमिनीतून येणारं गरम पाणी. मी गळ्यापर्यंत त्या पाण्यात बसले आणि समोर पाणीच पाहत राहिले. आयुष्यभर पहाटे चूल, मग शाळा, मग परत चूल असं केलेल्या बाईला असं बसणं जमेल की नाही अशी मला शंका होती. जमलं. लाज वाटेल इतकं सहज जमलं.

बाबांना मात्र जमत नव्हतं. गाडी वळणावर आली की त्यांचा उजवा पाय खालच्या चटईवर ब्रेक दाबायचा.

"हॉर्न दे," ते म्हणायचे.

"इथं कोणी हॉर्न देत नाही, बाबा."

"मंग समोरच्याले कसं समजते?"

"समजते. आरसे आहेत वळणावर."

पुढच्या वळणावर त्यांचा पाय पुन्हा दाबायचा. मुलगी आरशातून माझ्याकडे बघून हसायची. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांचा कोपर लागून चहाचा कप सांडला. कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलेला होता. हॉटेलात वाढणाऱ्या बाईनंच उलट माफी मागितली, आणि मीही ते विसरून गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही कर्कवृत्तावर पोचलो. तिथे एक उंच पांढरा खांब उभारला आहे, समुद्राकडे तोंड करून. मी कित्येक वर्षं भारताच्या नकाशावर ती तुटक रेघ काढली होती आणि पोरांकडून घोकून घेतलं होतं की आपला गडचिरोली जिल्हा तिच्या खाली येतो. इतक्या लांब येऊन त्या रेघेवर पाय ठेवताना मला उगाच हसू आलं. मुलीनं आमचा फोटो काढला आणि ती कॉफी आणायला समोरच्या दुकानात गेली.

आम्ही दोघं वाटेनं समुद्राकडे निघालो. तेवढ्यात उजवीकडून एक सायकलवाला आला. त्यानं घंटी वाजवली. बाबा थेट त्याच्या पुढ्यात गेले. त्यानं कशीबशी सायकल वळवली, डोकं किंचित झुकवलं आणि निघून गेला. बाबा दचकून जागीच उभे होते.

खाली किनाऱ्यावर वाळू नव्हती, नुसते गोटे होते. लाट मागे सरकली की सगळे गोटे खळखळत तिच्यामागे जायचे. आम्ही एका दगडावर बसलो.

"एवढी सायकल दिसली नाई का तुमाले?" मी विचारलं.

दोन-तीन लाटा येऊन गेल्या.

"हेच विचारलं होतं तिनं," ते म्हणाले.

"कोणी?"

मग त्यांनी सांगितलं. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. धानोऱ्याकडून गडचिरोलीला येताना, दिवस मावळतीचा, रस्ता जंगलाचा. उजवीकडच्या झाडीतून एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रस्त्यावर आली. त्यांना ती दिसलीच नाही. कंडक्टर ओरडला म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. बस तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मोळी खाली पडली आणि बाई रस्त्यातच मटकन बसली. ते खाली उतरले. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. ती उठली, एकेक लाकूड गोळा केलं, मोळी बांधली. ते उचलू लागले तर तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"रागानं नाई बोलली वो ती," बाबा मला म्हणाले. "शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं तिनं. 'भाऊ, दिसत नाई का तुमाले?' मी काय सांगू? मले त्या बाजूचं दिसत नव्हतं. सहा-सात महिन्यांपासून दिसत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डेपोत जाऊन सांगितलं की पाठ दुखते, बस चालवणं होत नाही. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी नोकरी सोडली. घरीही पाठीचंच सांगितलं.

मला त्या गोट्यांचा आवाज फार मोठा वाटू लागला. त्या दोन वर्षांत मी त्यांना काय काय बोलले होते ते एकेक आठवलं. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. धडधाकट माणूस अंगणात खाट टाकून बसलेला मला बघवत नसे. पाठ दुखते म्हणणारा माणूस पाण्याचे हंडे उचलतो हे मला दिसत होतं, आणि त्याचा अर्थ मी एकच लावला होता. "बसून खायची सवय लागली तुमाले," असं मी एकदा शेजारणीच्या देखत म्हटलं होतं. ते उठून आत गेले होते.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगून काय केलं असतंस? भेली असतीस. तिले सांगितलं असतंस, ती शिक्षण सोडून आली असती." मग ते म्हणाले, "आणि मले लाज वाटे. डायवर माणूस, अन् दिसत नाई."

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. उठले आणि डावीकडे जाऊन बसले. त्यांचा हात हातात घेतला. उघड्यावर, माणसांच्या देखत, असं मी आधी कधी केलं नव्हतं. त्यांनीही हात काढून घेतला नाही.

"म्हणून समुद्राकडे असं सारं अंग वळवून पाहता?"

"हो. नाई तर कुठी दिसते मले? पोरीनं एवढ्या हौशीनं माह्या बाजूले ठेवला समुद्र."

मुलगी तीन कागदी कप सांभाळत येत होती. "तिले तुमीच सांगा," मी म्हटलं. "आता लपवू नका."

गाडीत बसल्यावर त्यांनी तिला सांगितलं, मला सांगितलं त्याहून थोडक्यात. ती ऐकत होती. गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे समोरच्या काचेवर.

"मी इतक्यांदा घरी आली बाबा. एकदाही नाई बोलले?"

"तुह्या परीक्षा होत्या. मंग नोकरी लागली. मंग राहून गेलं. एकदा राहून गेलं का ते सांगाले लय जड जाते, पोरी."

तिनं डोळे पुसले, पट्टा लावला आणि गाडी रस्त्यावर घेतली. नेहमीपेक्षाही हळू. मग मी मागून सांगायला लागले. उजवीकडे एक निळी नाव आहे, तिच्यावर दोन माणसं. आता खडक आला, म्हशीच्या पाठीसारखा काळा. आता पाणी हिरवं झालं, तळ दिसून राह्यला. एक म्हातारी गोट्यांतून काहीतरी वेचते, शेवाळ असेल. मी शाळेत गोष्ट सांगायचे तशी सांगत गेले. बाबांनी मान वळवली नाही. समोर बघत, सीटला डोकं टेकून ऐकत राहिले.

घरी आल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखता येईल, असं म्हणाले. आता रोज थेंब आहेत आणि ठरल्या दिवशी तपासणी. पण ते नंतरचं.

त्या दुपारी मी बोलता बोलता थांबले, कारण आमच्यासमोर एक मोठं वळण आलं आणि बाबांचा पाय हलला नाही. मी पुढे वाकून पाहिलं. त्यांना झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. दुसरं कुणी गाडी चालवत असताना झोपलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीतही ते ताठ बसून रस्ता बघत असायचे.

थोड्या वेळानं रात्रीच्या मुक्कामाचं हॉटेल आलं. बाहेर कंदील लावलेले, दारात एक माणूस आमच्या सामानासाठी उभा. मुलीनं वेग कमी केला, एकदा बाबांकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे. ती थांबली नाही. हॉटेल मागे गेलं, रस्ता पुन्हा समुद्राकडे झुकला, काचेच्या छतावरून ढगांमधून येणारं ऊन सरकत राहिलं.

आठ-दहा किलोमीटरनंतर ते एकदा जागे झाले.

"कुठी आलो?"

"अजून यायचं आहे बाबा," मुलगी म्हणाली. "झोपा तुम्ही."

"हं," ते म्हणाले, आणि कूस बदलून पुन्हा झोपले.